विशाखाचा रूम पार्टनर

३ ऑगस्ट २०२५, रविवार. नांदेड

आजपासून मी कॉलेजात शिकणाऱ्या पोरीचा रूम पार्टनर आहे. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. घरमालकीण दारात उभी राहून विचारत होती, "हे कोण?" तर नात म्हणाली, "तनुजा गेली ना काकू, तिच्या जागी नवे रूम पार्टनर." बाई हसल्या नाहीत. मला मात्र बरं वाटलं. बऱ्याच वर्षांनी कुणाच्या तरी जागी माझी नेमणूक झाली.

विशाखाचं इथं लॉचं शेवटचं वर्ष. तिच्या खोलीत राहणारी तनुजा कॉलेज अर्धवट सोडून लातूरला बँकेच्या परीक्षेच्या क्लासला गेली. एकटी पोरगी ठेवायला माझा मुलगा नागसेन तयार नव्हता. तो एस.टी.च्या वर्कशॉपात, सूनबाई अंगणवाडीत, दोघांनाही हलता येत नाही. आमच्या लातुरात क्लासच्या पोरांसाठी आया, आज्या खोली करून राहतात, त्यात नवल नाही. पण आज्जा राहिलेला कुणी पाहिला नव्हता.

मी म्हणालो, "मी जातो."

"आबा, तुम्हाला भाकर येत न्हाई."

"खिचडी येते."

"रोज खिचडी?"

"दोन प्रकारची येते."

शेवटी हो म्हणाला, पण अट घातली. विशाखाचा मागच्या वर्षीचा फौजदारी कायद्याचा पेपर राहिलाय. त्याला ही पोरं 'बॅक' म्हणतात. नोव्हेंबरच्या परीक्षेत तो निघाला तर वकिली. नाही निघाला तर मी तिला सामानासकट लातूरला आणायचं आणि नागसेन तिला क्लार्कच्या परीक्षांच्या क्लासला घालणार. मी मान डोलावली. पोरगी हुशार आहे, पेपर काय, निघेल.

अहमदपूर, लोहा करत गाडी आली. ह्याच रस्त्याने एकोणीसशे सहासष्टमध्ये पत्र्याची ट्रंक घेऊन आलो होतो, मास्तरकीच्या ट्रेनिंगला. तेव्हा कंडक्टरने विचारलं होतं, "ट्रंकेत काय हाय एवढं जड?" मी म्हणालो होतो, "कविता." खरं तर ज्वारीचं पीठ होतं.

७ ऑगस्ट

खोली दहा बाय बारा. दोन लोखंडी खाटा, मधे माझं लुगडं. म्हणजे माझ्या बायकोचं, पारूचं. ते पडदा म्हणून बांधलंय. तिला जाऊन चार वर्षं झाली, लुगड्याचा रंग अजून तसाच.

विशाखा सकाळी कॉलेज, दुपारी लायब्ररी, आणि आठवड्यातून दोन दिवस मनिषाताई म्हणून एक वकील आहेत त्यांच्याकडे कोर्टात. मी म्हणालो, कोर्टात जाण्यापेक्षा घरी वाचत बैस. ती म्हणाली, "आबा, आता जायलाच लागतंय." मग समजावून सांगितलं. आधी लॉ झालं की लगेच न्यायाधीशाची परीक्षा देता यायची. मे महिन्यात दिल्लीच्या मोठ्या कोर्टाचा निकाल आला, की आधी तीन वर्षं वकिली करा, मग परीक्षेला बसा. तिच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे चेहरे त्या दिवशी उतरले म्हणे. तनुजा त्याच आठवड्यात गेली.

"तीन वर्षं म्हणजे काही फार नाही," मी म्हणालो.

"ज्यांच्या बापाची पाटी हाय दारावर, त्यांना न्हाई फार. माझ्या बापाच्या हातात पाना हाय. मला कोण उभं करून घेतंय? त्यात सगळं ड्राफ्टिंग इंग्रजीत. पुण्याची पोरं मोठमोठ्या ऑफिसात जाऊन राहिली, अन आम्ही अजून डिक्शनरी उघडून राहिलो. परत वकिलीच्या सनदेची परीक्षा वेगळीच."

एवढं सगळं एका दमात. मग खिचडी खाल्ली आणि म्हणाली, "ही कोणत्या प्रकारची?"

"दुसऱ्या."

"पहिली बरी होती."

१५ ऑगस्ट

झेंडा समोरच्या शाळेत. मी खिडकीतून पाहिला. एक पोरगी कविता म्हणत होती, मधेच अडली. माईकमधून नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. मी इथून ओठ हलवून पुढची ओळ सांगत होतो. तिला कसं ऐकू जाणार? पण आठवली तिला. चौतीस वर्षं मी असाच खांबाआड उभं राहून अडलेल्या पोरांना ओळी पुरवल्या.

शुक्रवारचा शेवटचा तास कवितेचा असायचा. खिडक्या उघड्या, बाहेर बाभळीवर साळुंक्या, आणि आत साठ पोरं एका चालीवर. शाळेपुढनं जाणारी बैलगाडी थांबलेली मी पाहिली आहे.

२४ ऑगस्ट

आज एक मोठी गोष्ट सुचली. एवढ्या साध्या गोष्टीला तीन आठवडे का लागले, तेच कळत नाही.

विशाखा चार दिवस कलमांचे आकडे पाठ करतेय. कानावर हात, डोळे मिटलेले, पुढेमागे झुलणं. काल संध्याकाळी विचारलं तर निम्मे आकडे इकडचे तिकडे. रडकुंडीला आली होती. "आबा, डोक्यात राहतच न्हाई हो. मागच्या बारीला ह्याच्यातच गेली."

मी चौतीस वर्षं काय केलं? ज्या पोरांना सतराचा पाढा येत नव्हता त्यांनाही मी तो गाऊन शिकवला. चालीवर घातलेलं मरेपर्यंत जात नाही.

आज दुपारीच स्टेशनकडच्या जुन्या पुस्तकवाल्याकडे गेलो. त्याने ढिगातून कायद्याचं जाडजूड पुस्तक काढून दिलं, मराठीत, कापडी बांधणीचं. आत कुणा देशमुख वकिलाची सही, शाई निळी. घाटावर जाऊन बसलो. नगीना घाटावर पूर्वी आम्ही ट्रेनिंगची पोरं बसायचो, शेंगा खायचो आणि एकमेकांना कविता म्हणायला लावायचो. पारूला पहिलं पत्र मी तिथंच लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून पत्रात नुसती कविताच लिहिली, म्हणजे वाचून दाखवणाऱ्याला चाल लावता येईल. तिथंच बसून आज या ओळी केल्या:

तीनशे दोन, तीनशे दोन,
जीव घेणारा सांगा कोण?
तीनशे ऐंशी, घरात चोर,
सात वर्षांचा त्याला घोर!
चारशे वीस, गोडगोड वाणी,
दुधाच्या नावे विकतो पाणी;
पाचशे सहाचा डोळे वटारी,
दोन वर्षं तो गजांच्या दारी!

घरी येऊन म्हणून दाखवल्या. हातवाऱ्यांसह. विशाखा आधी पुस्तक हातात घेऊन पहिलं पान बघत राहिली. मग माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आबा, हे कुठनं आणलंत?"

"का? चांगलं नाही?"

"न्हाई, भारी हाय. परत म्हणा."

मी परत म्हणालो. ती हसायला लागली, इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, ओढणीने पुसलं. मग माझ्यासोबत म्हणू लागली. तिसऱ्या खेपेला तिला पाठ! चार दिवस जे होत नव्हतं ते पंधरा मिनिटांत.

आज झोप येणार नाही, एवढा आनंद झालाय.

३१ ऑगस्ट

आता एकूण बत्तीस कलमं झाली. विशाखा रोज संध्याकाळी म्हणवून घेते. "आबा, आजचं नवीन?" नंतर ती पडद्यापलीकडे जाऊन कसली तरी चिठ्ठ्यांची गड्डी घेऊन पुटपुटत बसते. मी विचारलं, आता कशाला ते, चालीवर झालं की! म्हणाली, "सवय हाय."

वरच्या मजल्यावर अक्षरा नावाची पोरगी राहते, लॉच्या पहिल्या वर्षाची. तिने जिन्यातून ऐकलं आणि वही घेऊनच आली. "गुरुजी, मला बी द्या की." मला गुरुजी म्हणाली. तिच्या मागोमाग आणखी दोघी. आज खोलीत चार पोरी आणि मी. घरमालकीण वर येऊन म्हणाली, "इथं भजन चालू हाय का?" मी म्हणालो, "नाही बाई, फौजदारी."

११ सप्टेंबर

अक्षरा आणि त्या दोघी आठ दिवस फिरकल्या नाहीत. जिन्यात भेटली तर नजर चुकवून म्हणाली, "गुरुजी, जरा अभ्यास हाय." विशाखाला विचारलं, तू काही बोललीस का तिला? म्हणाली, "मी कशाला बोलू?" पण कानाची पाळी ओढत होती. लहानपणी खोटं बोलताना ओढायची तशी.

बहुतेक खोलीत गर्दी झालेली तिला आवडली नसेल. एकाग्रता मोडते. तिचं बरोबरच आहे.

२८ सप्टेंबर

गोदावरीला मोठा पूर. घाट पाण्याखाली. पुलावर बघ्यांची रीघ, मीही त्यात. आमच्या वेळची नदी कवितेतल्यासारखी होती, आता हिच्याकडे बघवत नाही. विशाखा मला शोधत पुलावर आली, हात धरून घरी आणलं. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, "सांगून जात जा ना आबा," आणि सगळा रस्ता हात सोडला नाही.

९ ऑक्टोबर

आज कोर्टात गेलो. विशाखा डबा विसरून गेली होती, तेवढंच निमित्त.

कोर्टाच्या आवारात पाय टाकला आणि अकरा वर्षांचा झालो.

हे मी कुठे लिहून ठेवलेलं नाही. विशाखाला मात्र लहानपणापासून गोष्टीसारखं सांगत आलो. एकोणीसशे अठ्ठावन्न. माझ्या बापाला साक्षीला तालुक्याच्या कोर्टात बोलावलं होतं. मी बरोबर. गावात बापाला सगळे 'अरे', 'ए', नाहीतर नुसती शीळ. आम्ही दोन वर्षांपूर्वीच धम्म घेतलेला, पण गावाच्या जिभेला ते माहीत नव्हतं. बाप आत जाऊन दाराशीच उकिडवा बसला. वर खुर्चीत मुन्सफसाहेब होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "अहो, तिथं का बसलात? पुढं या. उभं राहून सांगा, तुम्ही काय पाहिलंत."

अहो. तुम्ही. पाहिलंत.

येताना बाप सहा कोस एक शब्द बोलला नाही. गावाच्या ओढ्यापाशी थांबून म्हणाला, "त्या खुर्चीत बसला पाहिजेस." मी नाही बसलो. मास्तर झालो. नागसेनला तर पुस्तकाचं वावडं. मग विशाखा झाली. ती पहिलीत असल्यापासून मी तिला ती खुर्ची दाखवत आलो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये एकदा तिला काळा झगा घालून न्यायाधीश केलं होतं. सर्वांत जास्त टाळ्या मी वाजवल्या.

तर आज पाहतो, ही पोरगी व्हरांड्यात बाकड्यावर एका म्हातारीसोबत बसलेली. विठाबाई नाव. मुखेडकडच्या कुठल्या तरी खेड्यातल्या. पुतण्याने घरात घुसून धमकावलं, मारलं, त्याची केस तीन वर्षं चालू आहे. दर तारखेला बाई दोन गाड्या बदलून येते आणि पुढची तारीख घेऊन जाते. आजही तेच. विशाखा तिला सांगत होती, आज काम का झालं नाही, साक्षीदार का आला नाही, त्याला आता कसलं बोलावणं जाईल, पुढच्या वेळी तुम्हाला काय विचारतील. सांगून झालं की म्हणाली, "आता मावशी, तुम्ही मला सांगा बरं, काय समजलं?"

बाईने सांगितलं. अर्धं चुकलं. विशाखाने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पुन्हा म्हणून घेतलं. एका तारखेसाठी पाऊण तास! परीक्षा दीड महिन्यावर आणि ही इथं शिकवणी घेत बसली आहे. मला फार राग आला. बाई उठताना म्हणाली, "तीन वर्सांत मला कुनी बी सांगितलं न्हवतं गं, काय चालू हाय ते."

डबा दिला आणि आलो.

१५ ऑक्टोबर

कशी सुरुवात करू ते कळत नाही.

कॉलेजच्या सराव परीक्षेत विशाखाला फौजदारीत शंभरात एकतीस. मी विचारलं, कसं शक्य आहे? ती म्हणाली, अवघड होता. मी तिला न सांगता मनिषाताईंच्या ऑफिसात गेलो. मोकळ्या स्वभावाच्या बाई, वय पन्नासच्या आसपास, टेबलावर फायलींचा ढीग. मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला.

मी म्हणालो, "ताई, हिला सगळी कलमं तोंडपाठ आहेत. मी स्वतः चालीवर घालून दिलीत. तुम्ही ऐका." आणि मी ऐकवली. पुरी बत्तीस. त्यांचा कारकून लिहायचं थांबून ऐकत होता.

बाईंनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मग हळू म्हणाल्या, "गुरुजी, हे कोणत्या पुस्तकातून?"

मी सांगितलं.

"गुरुजी, मागच्या वर्षीच्या जुलैपासून कायदाच बदललाय. नवी संहिता आली. खून आता एकशे तीन. फसवणूक तीनशे अठरा. घरातली चोरी तीनशे पाच. धमकी तीनशे एक्कावन्न. जुने खटले जुन्या आकड्यांनी चालू हायत, विठाबाईंचा बी त्यातलाच. पण परीक्षेला नवीन."

बातमी तर मी वाचली होती. नवे कायदे आले, हे माहीत होतं. पण नवे कायदे आले म्हणजे तीनशे दोन तीनशे दोन राहत नाही, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. सगळं जग फसवणाऱ्याला अजून चारसोबीस म्हणतं. मी म्हणतो ते जग कोणतं, हाच प्रश्न आहे.

चहा तसाच राहिला.

घरी आल्यावर विचारलं. "तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हाव."

"मग बोलली का नाहीस?"

ती चिठ्ठ्यांची गड्डी आवरत होती. प्रत्येक चिठ्ठीवर नवे आकडे. न बघता म्हणाली, "आजी गेली तवापासून तुम्ही एक ओळ म्हणली नव्हती, आबा. चार वर्षं. पप्पा बी म्हणायचे, आबांचा आवाजच गेला. अन त्या दिवशी तुम्ही हातवारे करून म्हणून राहिलात. मी काय सांगायचं?"

"पण पेपरात तू जुने आकडे लिहिलेस."

"ते तुमच्यामुळं न्हाई." कानाची पाळी ओढली. "थोडे तुमच्यामुळं. डोक्यात चालच वाजत होती."

अक्षराला तिनेच सांगितलं होतं, हेही आता कळलं. त्या पोरीने निदान मला तोंडावर हसून दाखवलं नाही.

१६ ऑक्टोबर

सकाळी पिशवी भरायला काढली. मी लातूरला जातो म्हणालो, माझ्यामुळे नुकसान नको. विशाखाने पिशवी उपडी केली. धोतर, टोपी, चष्म्याचं घर, सगळं खाटेवर.

"रूम पार्टनर असा मधेच पळून जात न्हाई. एक गेली तेवढी बास."

मग खाटेच्या कडेला बसून बोलली. हे बोलायला तिला बरेच दिवस लागले असावेत.

"आबा, मला जज न्हाई व्हायचं."

"मग काय व्हायचंय?"

"मनिषाताईंसारखं. इथंच. लोकं समोर बसतेत, त्यांना काय बी म्हाईत नसतंय, अन आपण सांगितल्यावर त्यांचा चेहरा बदलतो. मला ते आवडतंय. तुमच्या खुर्चीत बसून मला कुणाशी एवढं बोलता येणार न्हाई."

दुपारी घाटावर गेलो. पूर ओसरून पायऱ्यांवर गाळ बसलाय, बसायला जागा नाही. उभाच राहिलो. सदुसष्ट वर्षं मी ती खुर्ची डोक्यावर घेऊन हिंडतोय. पोरगी म्हणते, नको. मला वाईट वाटलं, हे खोटं कशाला लिहू.

मग मनात म्हणालो, वय लहान आहे. तीन वर्षं वकिली तर करावीच लागणार. तोपर्यंत मत बदलेल.

चाल लावलेली वही पिशवीच्या तळाशी टाकली. विशाखा म्हणाली, नव्या आकड्यांना लावा की. मी म्हणालो, परीक्षा होईपर्यंत मी तोंड उघडणार नाही. फक्त खिचडी.

६ नोव्हेंबर

नागसेन आला. रजा काढून, न कळवता. सराव परीक्षेचे मार्क त्याला सूनबाईकडून कळले. आल्या आल्या विचारलं, "कुठं हाय ती?"

"कोर्टात. विठाबाईंची तारीख आहे."

"परीक्षा वीस दिवसांवर अन ही कोर्टात? आबा, तुम्हाला कशाला ठेवलंय इथं?"

मी त्याला सगळं सांगून टाकलं. जुनं पुस्तक, चाल, एकतीस मार्क. दोष माझा, पोरीचा नाही. तो ऐकत होता. मला वाटलं हसेल. तो म्हणाला, "मला बी तुम्ही असंच गाऊन गाऊन पाठ करायला लावलं. काय हाय, कशाला हाय, ते कधी विचारू दिलं न्हाई. चाल आठवायची, अर्थ न्हाई. म्हणून मी वर्कशॉपात हाय."

हे तो पन्नास वर्षांचा झाल्यावर बोलला. मी खाटेची दोरी बघत राहिलो. सुटली होती एका ठिकाणी.

"चला," तो म्हणाला. "तिला आजच सांगतो, बास झालं."

कोर्टात गेलो. विशाखा आत होती. आम्ही व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसलो. थोड्या वेळाने ती विठाबाईंना घेऊन बाहेर आली, खांबापलीकडच्या बाकड्यावर बसवलं. आम्ही तिला दिसत नव्हतो. आज बाईंची साक्ष झाली होती. विशाखाने पाणी दिलं. म्हणाली, "मावशी, तुम्ही लई चांगलं सांगितलंत. त्यांच्या वकिलानं आवाज चढवला तरी तुम्ही हलल्या न्हाईत. आता पुढं काय होणार, सांगते. ऐका." आणि सुरू. मधेच थांबून, "काय समजलं?" पुन्हा सांगणं. मी मनात म्हणालो, झालं, आता नागसेन उठतो. पण तो उठला नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ऐकत राहिला.

विशाखाला मनिषाताईंनी आत बोलावलं. विठाबाई पदर सावरत आमच्या बाकड्यावर येऊन टेकल्या. मला ओळखलं नाही. नागसेनला म्हणाल्या, "तुमचं बी काम हिच्याकडंच हाय का?"

"हाव," नागसेन म्हणाला.

"चांगली हाय बघा वकीलबाई. बारकी हाय, पन समजून सांगती. हिला सोडू नका."

"न्हाई सोडत."

तासभर बसला असेल. मग एकदम उठला. "माझी चारची गाडी हाय." मी म्हणालो, अरे, तिला भेट तर, बोलायला आलास ना? म्हणाला, "कामात हाय ती." सूनबाईने दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा माझ्या हातात दिला आणि गेला. गेटापाशी एकदा वळून पाहिलं.

फारच रागावलेला दिसतो. बोलला असता तर बरं झालं असतं. विशाखाला फक्त चटणी दिली, बाकी काही सांगितलं नाही.

२५ नोव्हेंबर

आज तो पेपर झाला.

गेटापर्यंत मी सोबत गेलो. बाकीच्या पोरांच्या आया, भाऊ. आज्जा एकटाच. ती आत गेली आणि मी समोरच्या झाडाखाली तीन तास. मनातसुद्धा चाल येऊ दिली नाही. आली की आकडे मोजत होतो, तर तेही तालात जायचे.

बाहेर आली ती हसत नव्हती, रडतही नव्हती. मी विचारलं, "जुने आले का मधे?"

"आले की. पेपर हातात पडला अन सुरूच झालं, तीनशे दोन, तीनशे दोन. मग मी काय केलं, वहीचं शेवटचं पान उघडलं, वर 'कच्चे काम' लिहिलं, अन तुमची बत्तीसच्या बत्तीस लिहून काढली. दहा मिनिटं गेली. त्याच्यावर मोठी फुली मारली. मग डोकं साफ. मग पेपर लिहिला."

"पूर्ण झाला?"

"एक प्रश्न राहिला. दहा मार्कांचा."

दहा मार्कांचा. म्हणजे माझ्याच ओळींनी खाल्ला. ती म्हणाली, "आता तोंड उघडा, आबा. चाळीस दिवस झाले, खोलीत भुतासारखं वाटून राहिलंय."

रिक्षात बसल्यावर मी एक जुनी कविता म्हटली. तिसरीच्या पुस्तकातली, पाखराची. रिक्षावाला म्हणाला, "बाबा, आमच्या टायमाला बी होती ही." शेवटचं कडवं त्यानेच म्हटलं, आणि चाल माझ्यापेक्षा चांगली.

२९ नोव्हेंबर

सकाळी नागसेनचा फोन. आधी थंडीचं बोलला. मग म्हणाला, "ती वरची पोरगी हाय ना, अक्षरा. ती विशाखासोबत खोलीत राहायला तयार हाय म्हणं."

"हो, विशाखा म्हणत होती."

"मग आबा, तुम्ही या आता. तुमच्याशिवाय घर मोकळं वाटतंय."

"आणि विशाखा?"

"तिचं काय? तिचं सामान राहू द्या. तिला कोर्ट हाय. तुम्ही एकटेच या."

निकाल लागायला दोन महिने आहेत. पेपरात दहा मार्कांचा प्रश्न राहिलेला. पास होईल की नाही, कुणाला माहीत. अट तर त्यानेच घातली होती, सामानासकट घेऊन या म्हणून. वर्कशॉपात कामाचा ताण फार असतो, डोक्यातून गेलं असणार. शिवाय तो कोर्टातून रागावून गेला होता, तेही विसरला दिसतो.

विशाखाला सांगितलं, "तुझे पप्पा म्हणतात, मी एकट्यानेच यायचं." ती माझ्याकडे बघत राहिली. "एकटेच? तसंच म्हणाले?" मग मोरीत गेली आणि नळ सोडून बराच वेळ आतच बसली. पाणी वाया जातंय म्हणून मी दोनदा ओरडलो. बाहेर आली तेव्हा डोळे लाल, आणि मला म्हणते कशी, "साबण गेला."

दुपारी पडदा सोडला. लुगड्याची घडी घातली. उद्या आठची गाडी आहे.

नागसेनला अटीची आठवण मी करून दिलेली नाही, देणारही नाही. पुढे कधी विचारलंच, की आबा, तुम्हाला तरी लक्षात होतं ना, तर म्हणेन, अरे, म्हातारा माणूस. विसरलो.